फॉर्म भरण्याआधीचे काम : भाट्ये येथील एका संगणक-खोलीच्या निमित्ताने

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते आणि त्या खाडीवरील पूल ओलांडून पावसकडे निघालेल्या रस्त्यावर भाट्ये हे गाव लागते. सुरूच्या बनाने कड धरलेला सरळ, लांब किनारा, झरी विनायकाचे देऊळ आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र यांमुळे हे गाव परिचित आहे. संगणकाच्या संदर्भात त्याचे नाव घेतले जाण्याचे काही कारण नाही. तरीही सर्वांसाठी एकाच साच्यातून काढलेली ऑपरेटिंग सिस्टीम एखाद्या विशिष्ट जागेसाठी बेतून घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मोठ्या शहरातील कार्यालयापेक्षा अशा गावातील छोट्या संगणक-खोलीत अधिक ठळकपणे उभा राहतो, कारण तिथे यंत्रे जुनी आणि एकमेकांशी न जुळणारी असतात, इंटरनेट बेभरवशाचे असते, पावसाळ्यात वीज केव्हाही जाते आणि खोलीत बसणाऱ्यांना मराठीत लिहायचे असते. प्रस्तुत लेखकाने भाट्ये परिसरातील अशाच एका खोलीसाठी आंतरजालावरील फॉर्म भरून डेबियन लिनक्सची इमेज तयार करून घेतली, आणि त्या कामात जे लक्षात आले त्याची ही मांडणी आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचे भाग आणि आपण वापरत असलेले प्रोग्रॅम यांच्यामधला मूळ थर, हे बहुतेकांना ठाऊक असते. इमेज म्हणजे काय, याविषयी मात्र गोंधळ असतो. एखाद्या डिस्कवर जे जसे लिहिलेले असेल ते तसेच्या तसे एका फाइलमध्ये साठवले, की त्या फाइलला इमेज म्हणतात, आणि ती पेनड्राइव्हवर उतरवून तिच्यावरून यंत्र सुरू करता येते. बाजारातला तंत्रज्ञ ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकतो’ तेव्हा तोही अशीच इमेज वापरतो. मात्र ती कंपनीने सर्वांसाठी बनवलेली असते आणि नंतरचे सगळे, म्हणजे फॉन्ट, प्रिंटर, ऑफिस, भाषा, हे प्रत्येक यंत्रासमोर बसून हाताने करावे लागते. हे हाताचे काम आधीच इमेजमध्ये भरून ठेवणे म्हणजे ती बेतून घेणे होय. यातही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात एक यंत्र मनासारखे सजवून त्याच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली जाते. दुसऱ्या प्रकारात इमेजमध्ये तयार डिस्क नसतेच. तिच्यात पॅकेजे, म्हणजे प्रोग्रॅमचे बांधलेले गठ्ठे, आणि ती कोणत्या क्रमाने कशी बसवायची याच्या सूचना असतात, आणि प्रत्येक यंत्रावर नवी सिस्टीम त्या सूचनांबरहुकूम मुळापासून उभी राहते. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, परंतु पुढे त्याचे महत्त्व दिसून येईल.

इमेज बेतण्याचे काम पूर्वी जाणकारांपुरते होते, कारण त्यासाठी बांधणीची सामग्री स्वतःच्या यंत्रावर जमवावी लागे आणि आज्ञा हाताने लिहाव्या लागत. २००९ मध्ये नॉव्हेलने सुझे स्टुडिओ ही सेवा सुरू केली आणि ब्राउझरमध्ये पॅकेजे निवडून, चित्र आणि नावे बदलून आपली लिनक्स बांधून घेण्याची सोय झाली. बांधलेली सिस्टीम डाउनलोड करण्याआधी ब्राउझरमध्येच चालवून पाहता येई, हे तिचे वैशिष्ट्य होते. डेबियनच्या बाजूने जर्मनीतील कलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी १९९९ पासून विकसित केलेली एफएआय ही आपोआप इन्स्टॉल करणारी पद्धत होती, आणि २०१७ मध्ये तिच्यावर एफएआय डॉट मी हा फॉर्म उभा राहिला. राउटरसाठी ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाचाही असाच फॉर्म आहे. तिथे राउटरचे मॉडेल निवडून हवी ती पॅकेजे जोडता येतात आणि नको त्यांच्या नावापुढे उणे चिन्ह देऊन ती वगळता येतात. भारतात सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स प्रकाशित केली ती डेबियनवरच आधारलेली होती आणि मराठीसह भारतीय भाषांची सोय तिच्यात आधीच केलेली होती, म्हणजे बेतण्याचे काम संपूर्ण देशासाठी एकदाच करण्याचा तो प्रयत्न होता. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या उपक्रमाची यंत्रे आली. फेडोरावर उभारलेली त्यांची सिस्टीम अवघ्या १ जीबी साठवणीत बसवलेली होती. इतक्या कमी जागेत एक गोष्ट घ्यायची तर दुसरी काढावी लागते, आणि बेतणे या क्रियेचा हा मूळ अर्थ आजच्या ऐसपैस डिस्कांमुळे विसरला जातो.

भाट्ये येथील कामाचे तात्कालिक कारण साधे होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीचा नियमित आधार संपला आणि खोलीतली बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसणारी नव्हती. यंत्रे टाकून देण्याइतकी वाईट नव्हती आणि नवी घेण्याइतके पैसे नव्हते. लिनक्सकडे वळणाऱ्या बहुतेक छोट्या संस्थांची कथा तत्त्वापेक्षा या हिशेबातूनच सुरू होते, हे प्रांजळपणे मान्य केलेले बरे.

एफएआय डॉट मीच्या पानावर विचारले जाणारे प्रश्न थोडे असतात: डेबियनची आवृत्ती कोणती, भाषा कोणती, डेस्कटॉप कोणता, डिस्कचे विभाग कसे पाडायचे, यंत्राचे आणि वापरकर्त्याचे नाव काय, पासवर्ड काय, आणि यांखेरीज कोणती पॅकेजे हवीत. बटण दाबल्यावर सेवेचा सर्व्हर इमेज बांधतो आणि थोड्याच वेळात ती डाउनलोडला तयार होते. फॉर्म पाहून हे काम चहा होईपर्यंत संपेल असे वाटते. प्रत्यक्षात त्यातला एकही प्रश्न संगणकाविषयीचा नसतो. प्रत्येक प्रश्न त्या खोलीविषयी असतो, आणि खोली माहीत नसेल तर फॉर्ममधले आपोआप भरलेले पर्याय तसेच राहतात, म्हणजे दूरवरच्या कुणीतरी स्वतःच्या वापराप्रमाणे घेतलेला निर्णय आपल्या खोलीत येऊन बसतो. समोर यंत्र ठेवून सिस्टीम टाकताना अडचण आली की थांबून विचार करता येतो. इथे मात्र इन्स्टॉल होत असताना काहीच विचारले जात नाही, म्हणून सगळा विचार आधी करून ठेवावा लागतो.

म्हणूनच पहिले काम फॉर्मचे नव्हते, यंत्रांच्या मोजदादीचे होते. प्रत्येक यंत्रात रॅम किती, प्रोसेसर ६४-बिट की ३२-बिट, डिस्क फिरणारी की एसएसडी, हे कागदावर उतरवावे लागले. किनाऱ्यालगतच्या खारट दमट हवेत धातूचे संपर्क काळे पडतात, त्यामुळे सुरूच न होणारे यंत्र अनेकदा बिघडलेले नसते. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसून पुन्हा बसवली की ते जागे होते, आणि रत्नागिरीतला कोणताही दुरुस्तीवाला हाच उपाय आधी करतो. मोजदाद झाल्यावर डेस्कटॉपचा निर्णय आपोआप झाला. २ जीबी रॅमच्या यंत्रावर गनोमसारखा भरजरी डेस्कटॉप ब्राउझरला जागाच ठेवत नाही, म्हणून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्यावा लागला, आणि सर्व यंत्रांवर पडदा एकसारखा दिसावा या हेतूने चांगल्या यंत्रांवरही तोच ठेवला. मोजदादीत आणखी एक गोष्ट आढळली, ती म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. जुन्या यंत्रांत तो संपलेला असतो, वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याची सूचना ब्राउझर देऊ लागतो, कारण संकेतस्थळाचे प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला दिलेलेच नसते. वापरणाऱ्याला वाटते की इंटरनेट बिघडले. यावर उपाय म्हणून इमेजमध्ये वेळ जुळवणारी सेवा सुरू ठेवली. ही सेवा शेवटची ज्ञात वेळ डिस्कवर नोंदवते, त्यामुळे यंत्र सुरू होताना घड्याळ त्याच्या मागे जात नाही. पुढची वेळ ती नेटवर्कवरून घेते, आणि त्यासाठी प्रमाणपत्राची गरज पडत नाही.

भाषेच्या प्रश्नाला फॉर्म एका रकान्यात मिटवू पाहतो, आणि मराठीच्या बाबतीत तो तिथे मिटत नाही. पडद्यावरचे मेनू कोणत्या भाषेत असावेत, तारीख आणि चलन कसे लिहावे आणि कीबोर्डवरून कोणती लिपी उमटावी हे तीन वेगळे निर्णय आहेत. या खोलीत येणाऱ्यांपैकी अनेकांनी एमएस-सीआयटी केलेले होते आणि मेनूंची इंग्रजी नावे त्यांच्या हातात बसलेली होती. त्यांना मराठीत लिहायचे होते, मेनू मराठीत नको होते. म्हणून मेनू इंग्रजी आणि लेखन मराठी अशी जोडणी ठरली. कीबोर्डचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी कीबोर्ड हाच एकमेव म्हणून नेमला तर लॉगिनच्या पडद्यावर रोमन अक्षरांतला पासवर्ड टाइपच करता येत नाही आणि सगळी खोली बाहेर अडकते. म्हणून इंग्रजी पहिला आणि मराठी दुसरा ठेवून त्यांच्यामध्ये अदलाबदल करणारी कळ ठरवावी लागते, आणि ही कळ कोणती हे भिंतीवर लिहून लावावे लागते.

मराठी कीबोर्ड म्हणजे येथे इनस्क्रिप्ट. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या मानकात ही मांडणी समाविष्ट आहे. तिच्यात व्यंजने उजव्या हाताला आणि स्वर डाव्या हाताला येतात, आणि शिकायला लागणारा सुरुवातीचा वेळ पुढच्या वेगात भरून निघतो. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणाऱ्या पद्धतीची सवय असलेल्यांना ती जड जाते, म्हणून त्यांच्यासाठी आयबस आणि एम१७एन ही पॅकेजेही यादीत घालावी लागली. मात्र इनस्क्रिप्ट शिकलेल्याला ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा ‘र’ सहज मिळतो, कारण शिफ्ट दाबून ‘र’च्या कळीवर नुक्ता असलेला ‘ऱ’ उमटतो आणि त्याला हलन्त देऊन पुढचे अक्षर जोडले की झाले. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी कोरी चौकट दिसते. इमेजमध्ये नवे फॉन्ट घालण्याचे ते एक कारण. दुसरे कारण ‘ल’ आणि ‘श’ यांचे. मराठी छपाईत या दोन अक्षरांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी असतात, आणि काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. परंतु मजकुराची भाषा मराठी असल्याचे दस्तऐवजात नोंदलेले असेल तरच मराठी वळण उमटते. म्हणजे लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मुळातच मराठी नेमून ठेवली नाही, तर खोलीतले प्रत्येक पत्र हिंदी वळणाने छापले जाते आणि ते का, हे कुणालाच कळत नाही. ही नेमणूक फॉर्ममध्ये नसते. ती एका छोट्या सूचना-फाइलीने करावी लागते.

जुन्या मजकुराने मात्र सर्वाधिक वेळ घेतला. युनिकोड येण्याआधी मराठी कार्यालयांत श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या पद्धतींतले फॉन्ट वापरले जात, आणि त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असे. असा मजकूर त्या फॉन्टविना उघडला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. हे फॉन्ट परवान्याचे असल्यामुळे ते सार्वजनिक सेवेने बांधलेल्या इमेजमध्ये घालणे बरोबर नाही, आणि ही सेवा डेबियनच्या भांडारातली पॅकेजेच उचलत असल्यामुळे ते शक्यही नाही. तेव्हा जुने परिपत्रक जपायचे असेल तर ते युनिकोडमध्ये रूपांतरित करणे एवढाच मार्ग राहतो, आणि ते रूपांतर प्रत्येक वेळी डोळ्यांनी तपासावे लागते, कारण जोडाक्षरांत चुका राहतात. सिस्टीम बदलण्याची खरी किंमत इथे मोजावी लागते, इन्स्टॉल करण्यात नव्हे.

प्रिंटरचेही थोडे असेच. भारतातल्या कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या एका छोट्या लेझर प्रिंटरच्या पोटात फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा अंतर्गत प्रोग्रॅम, कायमचा साठत नाही. वीज गेली की तो रिकामा होतो आणि संगणकाला तो पुन्हा भरावा लागतो. जिथे दिवसातून अनेकदा वीज जाते तिथे हे भरणे आपोआप होईल अशी व्यवस्था इमेजमध्ये केली नाही, तर प्रिंटर ‘नादुरुस्त’ ठरून कोपऱ्यात जातो.

पासवर्डच्या रकान्याजवळ थोडे थांबणे योग्य. त्यात लिहिलेले परक्या सर्व्हरकडे जाते, आणि तो सर्व्हर कितीही विश्वासू असला तरी खोलीचा खरा पासवर्ड तिथे लिहिण्याचे कारण नाही. तात्पुरता पासवर्ड द्यावा आणि पहिल्या लॉगिनलाच बदलावा. यापेक्षा मोठा धोका डिस्कचा आहे. आपोआप इन्स्टॉल होणारी इमेज डिस्कवरचे सर्व पुसून टाकते आणि ‘नक्की का?’ असे सावकाश विचारत बसत नाही. असा पेनड्राइव्ह टेबलावर बेवारस पडलेला असू नये, त्याच्यावर लाल शाईने लिहिलेले असावे, आणि कुणाच्या लॅपटॉपला तो चुकून लावला जाऊ नये. प्रत्येक यंत्रावरची जुनी कामे आधी वेगळ्या डिस्कवर काढून घेणे हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत न टाळता येणारा भाग होय.

सर्व यंत्रे एकसारखी करण्याच्या या खटपटीला भाट्ये येथेच एक बोलका विरोध भेटतो. १९५५ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या नारळ संशोधन केंद्राने बाणवली नारळातून निवड करून ‘प्रताप’ ही जात दिली. उंच जातींच्या नारळात परपरागीभवन होते आणि कलम बांधून एका झाडाची हुबेहूब नक्कल करता येत नाही. म्हणून उत्तम मातृवृक्षाच्या नारळांपासून केलेली रोपेही एकसारखी निघत नाहीत आणि त्यांतून निवड करायला वर्षानुवर्षे थांबावे लागते. जे एकसारखेपण तिथल्या संशोधकांना इतक्या कष्टाने जवळ आणावे लागते, ते संगणकात डिस्कची नक्कल केली की क्षणात मिळते, आणि तिथेच घात होतो. सिस्टीमला जन्मतः मिळणारा ओळखक्रमांक आणि दूरस्थ प्रवेशासाठीच्या किल्ल्या यांचीही नक्कल होते, मग काही जोडण्यांत राउटर दोन यंत्रांना एकच समजून एकच पत्ता देतो आणि आलटून पालटून दोन्हींचे इंटरनेट तुटते. वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या प्रकारच्या इमेजमध्ये हे टळते, कारण तिथे प्रत्येक यंत्रावर सिस्टीम नव्याने उभी राहते आणि ओळख तिथेच तयार होते. फॉर्ममध्ये यंत्राचे नाव मात्र एकच लिहिता येते, ते सर्वांना मिळते, आणि पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येकाला वेगळे नाव देणारी सूचना स्वतंत्रपणे लिहावी लागते. या पद्धतीचा आणखी एक लाभ म्हणजे सर्व पॅकेजे इमेजमध्येच असतात. रत्नागिरीत चांगल्या जोडणीवरून एकदा इमेज उतरवली, तिची बेरीज-तपासणी, म्हणजे फाइल वाटेत बिघडली नसल्याची आकड्यांनी केलेली खात्री, झाली, की खोलीत इंटरनेट नसतानाही काम पूर्ण होते.

तयार इमेज मात्र जपून ठेवण्याची वस्तू नव्हे. सुरक्षेच्या सुधारणा रोज येत असतात आणि काही महिन्यांत इमेज शिळी होते. जपायची ती निवडींची यादी, आणि तीही कारणांसह. कारण ‘एक्सएफसीई’ एवढेच लिहिलेले असेल तर दोन वर्षांनी येणारा माणूस ते आवडीने घेतले की २ जीबी रॅममुळे, हे ओळखू शकत नाही. ही यादी फॉर्मच्या पानावर सोडून देणे शहाणपणाचे नाही, हे सुझे स्टुडिओच्या इतिहासातून दिसते. ती सेवा लोकप्रिय असूनही फेब्रुवारी २०१८ मध्ये मूळ स्वरूपात बंद झाली, आणि ज्यांनी आपल्या निवडी किवी या तिच्या बांधणी-साधनाच्या फाइलींच्या रूपात उतरवून घेतल्या होत्या त्यांनाच त्या इतरत्र पुन्हा बांधता आल्या. रेड हॅटच्या इमेज बिल्डरमध्ये ही यादी ब्लूप्रिंट नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत राहते, आणि या बाबतीत ती रचना अधिक समंजस वाटते. भाट्ये येथील यादी एका वहीत आहे आणि तिची प्रत पेनड्राइव्हवर आहे. एफएआयची मूळ पद्धत मुक्त असल्याने फॉर्म नाहीसा झाला तरी त्याच यादीवरून घरच्या यंत्रावर इमेज बांधता येते, थोडे अधिक कष्ट घेऊन.

३२-बिट यंत्रांचा प्रश्न या यादीने सुटलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर बंद केला, तेव्हा अशा यंत्रांना जून २०२३ च्या डेबियन १२ वर थांबावे लागते, आणि तिचा नियमित सुरक्षाकाळ जून २०२६ पर्यंतचा. त्या यंत्रांवर ब्राउझर न ठेवता, नेटवर्कची तार काढून, फक्त इनस्क्रिप्टचा सराव आणि लिब्रेऑफिस ठेवण्याचे ठरले आहे. यादीत त्यांच्यासाठी वेगळे पान केले आहे आणि त्या पानावर पॅकेजांची संख्या सर्वांत कमी आहे.